नेहमीचंच

माझ्या आत्याची स्मरणशक्ती हा आमच्या घरात धाकाचा विषय आहे. कुठल्या लग्नात कोण रुसून बसलं होतं, कोण कुणाला किती वर्षांपूर्वी काय बोललं होतं, कुणाकडून उसने पैसे अजून यायचे आहेत, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून परवा आहारतज्ज्ञ बाईंसमोर ती अडखळली तेव्हा मला आधी गंमतच वाटली. प्रश्न अगदी साधा होता. “काकू, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंत, सांगता का जरा?” आत्या म्हणाली, “काय खाणार? नेहमीचंच.” नेहमीचं म्हणजे काय, असं विचारल्यावर “सकाळी चहा, मग नाश्ता, दुपारी जेवण, रात्री अगदीच थोडं” अशी यादी आली. चहात साखर? “नावाला.” म्हणजे किती चमचे? आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “हीच करते चहा. तिला विचार.” आणि मधल्या वेळी? “छे! मध्ये मी काही म्हणजे काही खात नाही.” हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की क्षणभर मलाही पटलं. मग मला आदल्या दिवशीची दुपारची चारची वेळ आठवली. कपावर वाकलेली आत्या, बिस्किट बुडवून ते तुटायच्या नेमकं आधी उचलण्याचं तिचं कसब, आणि शेवटी कपाच्या तळाशी उरलेला बिस्किटांचा मऊ गाळ चमच्याने खरवडून खाताना तिच्या चेहऱ्यावर पसरलेलं सुख. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी समोरचा रिपोर्ट उलटला, ७.४ या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि म्हणाल्या, “बरं, आता आपण पुढचं बघू.”

आत्या खोटं बोलत नव्हती. तेच मला डाचत राहिलं.

त्या रात्री मी स्वतःवर प्रयोग करून पाहिला. परवा दुपारी काय जेवले होते? आठवेना. म्हणजे जेवले होते हे नक्की, कारण उपाशी राहिले असते तर ते बरोबर लक्षात राहिलं असतं. जेवताना फोनवर काय वाचत होते ते मात्र शब्दशः आठवलं. एका दूरच्या ओळखीच्या बाईंच्या सुनेने केलेल्या प्रवासाचे फोटो होते ते, ज्यांच्याशी माझा काडीचा संबंध नाही. ताटातलं काय होतं, किती होतं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं का, सगळं कोरं. दिवसातून तीन-चार वेळा, जन्मभर, न चुकता आपण जी गोष्ट करतो, तिची आपल्याकडे जवळजवळ काहीच नोंद नसते. श्वासाचं तसंच आहे म्हणा, पण श्वास कोणता घेऊ हे कुणी विचारत बसत नाही.

हा विसराळूपणा मोजला गेला आहे. एका माणसाला खास पाणी प्यायला देतात. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे नेहमीपेक्षा जड, पण निरुपद्रवी प्रकारचे असतात. नंतर काही दिवस लघवी तपासून हे दोन्ही किती वेगाने बाहेर पडतात ते पाहतात. त्या वेगांमधल्या फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला आणि त्यावरून किती ऊर्जा जाळली याचा हिशेब लागतो. १९९२ साली अमेरिकेत काही लठ्ठ व्यक्तींवर हा हिशेब मांडला गेला. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही दिवसाला बाराशे कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन हलत नाही. आमच्या शरीराचं यंत्रच संथ आहे. यंत्र व्यवस्थित निघालं. ते सांगत होते त्यापेक्षा खरं खाणं खूपच जास्त होतं: सरासरीने त्यांनी आपलं खाणं ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. हे वाचून लोक खुशीत हसतात, “बघा, लबाड!” मला तसं हसू येत नाही. त्यांतली बरीच माणसं मनापासून बोलत असणार. नंतर सडपातळ माणसांच्याही अशाच चाचण्या झाल्या आणि तेही कमीच सांगतात हे दिसलं. प्रमाण तेवढं कमी-अधिक.

आणि इथेच मला आहाराच्या बातम्यांचं कोडं थोडं उलगडतं. अंडं एका वर्षी वाईट, पुढच्या वर्षी चांगलं. कॉफीने आयुष्य घटतं, मग वाढतं. आपण वैतागून म्हणतो, या शास्त्रज्ञांचं आधी एकमत होऊ द्या. पण त्यांच्या हातात बऱ्याचदा असतो तो एक लांबलचक फॉर्म: गेल्या वर्षभरात टोमॅटो किती वेळा खाल्लात? आठवड्यातून एकदा, दोन ते चार वेळा, रोज? तो फॉर्म भरणारी सगळी माणसं माझ्या आत्यासारखी आणि माझ्यासारखी. “नेहमीचंच” या उत्तरावर हजारो माणसांचं गणित उभं करायचं म्हटल्यावर ते अधूनमधून डगमगणारच. याला उपाय एकच, माणसांना एका जागी ठेवून त्यांच्या पुढ्यात येणारं अन्न तोलून द्यायचं. हे महागडं काम आहे, म्हणून क्वचित होतं. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी ते केलं. २० जण, चार आठवडे संस्थेतच मुक्काम. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साध्या घटकांपासून शिजवलेलं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू हे सगळं जुळतं ठेवलेलं. खायचं तेवढं खा, उरलं तर ठेवा. पाकीटबंद अन्नाच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात गेली, सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नाच्या काळात तेवढीच घटली. गंमत म्हणजे दोन्ही जेवणं त्यांना सारखीच रुचकर वाटली होती. जास्त आवडलं म्हणून जास्त खाल्लं, असंही नाही. ते अन्न मऊ होतं, भराभर पोटात जात होतं. त्यांना घरी पाठवून “काय खाल्लंत?” असं विचारलं असतं, तर दोन्ही पंधरवड्यांचं उत्तर सारखंच आलं असतं, असं मला वाटतं.

भूक पोटात असते असं आपण धरून चालतो. ती काही अंशी आठवणीत असते. मेंदूतल्या ज्या भागात नव्या आठवणी तयार होतात तो निकामी झालेल्या दोन रुग्णांची १९९८ साली तपासणी झाली. त्यांना जेवायला दिलं, ते पोटभर जेवले. ताट नेलं. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताजं ताट समोर ठेवलं आणि म्हटलं, जेवणाची वेळ झाली. ते पुन्हा सगळं जेवले. पुन्हा थोडा वेळ गेला, तिसरं ताट आलं, आणि बहुतेक वेळा त्यांनी तेही खायला सुरुवात केली. पोट तर भरलेलं होतं, ते आपलं काम करतच असणार. पण ‘मी आत्ताच जेवलो’ हे वाक्य डोक्यात नसल्यावर भरल्या पोटाचं ऐकायला कुणी उरलं नव्हतं. पुढे धडधाकट तरुणांवरही प्रयोग झाले. ज्यांना आज दुपारचं जेवण आठवायला सांगितलं, त्यांनी नंतर समोर ठेवलेला खाऊ कमी खाल्ला. टीव्ही बघत जेवलेल्यांनी नंतर जास्त खाल्लं, कारण त्यांना ते जेवण नीट आठवतच नव्हतं. माझ्या त्या फोटोंचा हिशेब मला इथे लागला. दुपारी चारला मला जी कडकडून भूक लागते, तिच्यात त्या सुनेच्या प्रवासाचाही थोडा वाटा असावा.

तरी नोंद होतच असते. ती आपल्याला न विचारता होते, इतकंच.

बाईंनी पेन्सिलीने गोल केलेला तो आकडा एचबीए१सीचा होता. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, एखादं विकर (एन्झाइम) सुद्धा लागत नाही. जितकी साखर जास्त, तितकी चिकटणारी जास्त. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे कुठल्याही दिवशी रक्ताचा थेंब काढला तर त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा इतिहास सापडतो. डॉक्टरकडे जायच्या आधीच्या चार दिवसांत गोड बंद करून ‘उपाशीपोटीची साखर’ सभ्य आणणारे मी घरातच पाहिले आहेत. एचबीए१सी अशा सभ्यतेला फसत नाही. आत्याने मध्ये काही खाल्लं नव्हतं हे तिचं मत. तिच्या लाल पेशींचं वेगळं होतं. मला तेव्हापासून असं वाटायला लागलंय की शरीराकडे एक सोडून अनेक वह्या आहेत. काही रोज पुसून कोऱ्या होतात, काही पंधरवड्याच्या, काही तिमाहीच्या, काही अनेक वर्षांच्या, आणि एखादी तर आपण जन्मायच्या आधी कुणीतरी दुसऱ्याने उघडलेली.

रोजची वही यकृतात असते. तिथे सुमारे शंभर ग्रॅम साखर साठवून ठेवलेली असते आणि एक दिवस काही खाल्लं नाही तर ती जवळपास संपते. थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची वही दोन-तीन आठवड्यांची. ती किती लवकर रिकामी होते हे कोंबड्यांनी दाखवून दिलं. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरकडे प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. एकाएकी त्यांच्या पायांतली ताकद गेली, त्या लटपटून पडायला लागल्या. पुढे काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. खोदून पाहिल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, कोंडा काढून टाकलेला तांदूळ घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने हट्ट धरला की लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही, आणि पुन्हा कोंड्यासकटचा, म्हणजे थायमिन शाबूत असलेला साधा तांदूळ सुरू झाला. त्या आचाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळालं, तेही आधी काही वर्षं ‘पांढऱ्या तांदळात विष असावं’ असा उलटा तर्क करून झाल्यावर. त्यांचा तर्क मला समजण्यासारखा वाटतो. काहीतरी खाल्ल्याने माणूस आजारी पडतो हे आपल्याला सहज पटतं. काहीतरी न खाल्ल्याने पडतो, आणि तेही पोट भरलेलं असताना, हे पटायला जड जातं. जे ताटात नाही ते दिसणार कसं?

क जीवनसत्त्वाची वही थोडी मोठी, काही महिन्यांची, आणि या वहीत काय लिहिलं जातं ते वाचून मी हादरले होते. १९३९ साली जॉन क्रॅंडन नावाच्या तरुण अमेरिकन शल्यविशारदाने स्वतःवरच प्रयोग केला. फळं नाहीत, भाज्या नाहीत. क जीवनसत्त्व सोडून बाकी सगळं मिळेल असा आहार, सहा महिने. साधारण सहा आठवड्यांत रक्तातलं क जीवनसत्त्व शून्यावर आलं, आणि तरी त्याला काही झालं नाही. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम जखम करून पाहिली, ती छान भरली. सहा महिन्यांनी पुन्हा केली. ती मात्र भरली नाही. वरची कातडी मिटली, आत सगळं उघडंच राहिलं. क जीवनसत्त्व सुरू केल्यावर ती सांधली गेली. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट कोरा झाल्यावरही शरीर कितीतरी आठवडे निभावून नेतं, आणि मग एका टप्प्यावर हात टेकतं.

याहून जुनी गोष्ट तर अंगावर येते. इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज अ‍ॅन्सन १७४० साली जगप्रदक्षिणेला निघाला. वाटेत स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, त्याची माणसं भराभर मेली. त्यांतला एक म्हातारा खलाशी आयर्लंडमधल्या १६९० च्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेला होता. पन्नास वर्षांपूर्वी पूर्ण बऱ्या झालेल्या त्याच्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या, आणि तेव्हा मोडून सांधलेलं हाड पुन्हा असं सुटं झालं, जणू ते कधी जुळलंच नव्हतं. कारण जखम ‘बरी झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा ती कायमची बंद झालेली नसते. तिथलं कोलॅजेन, म्हणजे कातडी-हाडं बांधून ठेवणारं प्रथिन, झिजत असतं आणि नव्याने विणलं जात असतं, रोज. त्या विणीला क जीवनसत्त्व लागतं. ते बंद झालं की वीण थांबते, झीज चालू राहते, आणि जुना घाव वर येतो. माझ्या गुडघ्यावर लहानपणी सायकलवरून पडल्याचा एक पांढुरका वण आहे. तो मिटलेला राहावा म्हणून आजही रोज कुणीतरी थोडं काम करतंय, आणि त्या कामाचा कच्चा माल मी खाल्लेल्या लिंबा-संत्र्या-टोमॅटोतून आलाय, हे कळल्यापासून मी तो वण जरा आदराने बघते. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. आपण, माकडं, गिनिपिग यांनी ती किमया कधीच गमावली. आपल्या जनुकांत तिची मोडकी कृती अजून पडून आहे, वापरता येत नाही अशी.

ब१२ ची वही अनेक वर्षांची. यकृतात त्याचे काही मिलिग्रॅम साठलेले असतात आणि रोजची गरज असते जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची. त्यामुळे आज पुरवठा थांबला तरी खरी ओरड व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. तोवर माणूस छातीठोकपणे सांगत असतो की बघा, मला काहीच झालं नाही. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, शब्द आठवत नाहीत, आणि चार वर्षांपूर्वीच्या ताटाशी त्याचा संबंध जोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय ते ताटात असून भागत नाही. जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला आतड्यात पोचेपर्यंत सोबत करतं. ते प्रथिन नसेल तर खाल्लेलं ब१२ शरीराला जवळजवळ मिळतच नाही. हा आजार पूर्वी हमखास जीव घ्यायचा. १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज यकृत खायला घालून वाचवलं. भरपूर प्रमाणात, जवळजवळ कच्चं. त्या रुग्णांना पहिल्या घासाला काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही, पण ताटाकडे तोंड फिरवण्याची चैन त्यांना नव्हती.

लोहाच्या बाबतीत शरीर पक्कं चिक्कू आहे. अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह. मेलेल्या लाल पेशींमधून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम काढून पुन्हा नव्या पेशींत घालायचं. अन्नातून शोषायचं फक्त एक-दोन मिलिग्रॅम. रक्त गेलं नाही तर हा व्यवहार सुखाने चालतो. ज्यांचं दर महिन्याला जातं, त्यांच्या वहीत तूट पडायला लागते, आणि ती पहिल्यांदा साठ्यात पडते, हिमोग्लोबिनमध्ये फार उशिरा. मधल्या काळात ती बाई दमलेली असते, केस गळत असतात, जिना चढताना थांबावं लागतं, आणि ‘हिमोग्लोबिन तर नॉर्मल आहे’ असं ऐकून ती घरी येते. हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगणारं कुणीतरी भेटेपर्यंत मी स्वतःला आळशी समजत होते. त्यावर मिळालेला सल्ला अगदी छोटा होता: डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणाबरोबर चहा नको. वनस्पतींमधलं लोह लिंबाने जास्त शोषलं जातं, चहाने कमी. महागड्या ‘सुपरफूड’च्या जाहिराती पाहिल्या की मला हा लिंबू आठवतो. त्याची जाहिरात कोण करणार?

चरबीच्या पेशींची वही वाचायला अणुबॉम्ब लागला. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. १९५५ ते १९६३ या काळात खुल्या वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ भरमसाट वाढला. झाडांनी तो घेतला, जनावरांनी झाडं खाल्ली, माणसांनी दोन्ही. चाचण्या थांबल्यावर त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. त्यामुळे एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये तो किती आहे हे पाहून ती कुठल्या साली जन्मली ते ओळखता येतं. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २००८ साली चरबीच्या पेशी अशा तपासल्या. दरवर्षी त्यांतल्या सुमारे दहा टक्के मरतात, तेवढ्याच नव्या येतात, आणि एकूण संख्या बालपण-पौगंडावस्थेत ठरते ती मोठेपणी जवळपास तशीच राहते. वजन खूप उतरलं तरी पेशी कमी होत नाहीत, फक्त आक्रसतात आणि वाट बघत राहतात. वजन कमी केलेल्या माणसाला ते परत वाढताना ‘तुझा निश्चय कमी पडला’ असं ऐकवणाऱ्यांना मला हा मजकूर मोठ्या अक्षरात छापून द्यावासा वाटतो.

जीभ मात्र विसरते, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. मीठ कमी केलं की पहिले काही दिवस सगळं फिकं, रडकं लागतं. दोन-तीन महिने नेटाने काढले की आवडीची रेषाच खाली सरकते; पूर्वीचंच प्रमाण मग खारट लागतं. आमच्याकडे डॉक्टरांनी कुणाचं तरी मीठ कमी केलं आणि स्वयंपाक सगळ्यांचाच बदलला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर झालेली कुरकुर मला आठवते. ती कधी थांबली ते मात्र कुणालाच आठवत नाही.

आत्तापर्यंतच्या या वह्या निदान आपल्या हातच्या तरी होत्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला, तेव्हा मोठ्या माणसाचं दिवसाचं रेशन हजार कॅलरींच्या खाली गेलं आणि शेवटी शेवटी त्याच्याही निम्म्यावर आलं. मे महिन्यात मुक्ती मिळाली, अन्न आलं, लोक सावरले. पण त्या महिन्यांत जी बाळं पोटात होती, ती मोठी झाल्यावर त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारी साखर, तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच उपासमार सोसलेल्यांत लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त दिसले. साठ वर्षांनीही त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या. त्यांना स्वतःला त्या उपासमारीची अर्थातच कसलीही आठवण नव्हती. याची उलटी बाजू ब्रिटनमध्ये दिसली. तिथलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि माणशी साखर बघता बघता जवळजवळ दुप्पट झाली. रेशनिंग असताना गर्भात आणि पहिली दोन वर्षं काढलेली मुलं आणि त्यानंतर जन्मलेली मुलं यांची पन्नाशी-साठीतली प्रकृती ताडून पाहिली गेली. २०२४ साली निष्कर्ष आला: साखर कमी मिळालेल्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी. त्या मुलांनी संयम वगैरे काही पाळला नव्हता. दुकानात साखर मिळत नव्हती, एवढंच.

म्हणून आहाराविषयीचे सल्ले, ज्यांत सगळी जबाबदारी खाणाऱ्याच्या निर्धारावर टाकलेली असते, ते ऐकताना मला अलीकडे अस्वस्थ व्हायला होतं. सल्ला चुकीचा असतो असं नाही. फळं-भाज्या दिवसाला चारशे ग्रॅम, मीठ पाच ग्रॅमच्या आत, वरची साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि बरोबरच सांगते. पण ज्या प्राण्याला कालचं दुपारचं जेवण आठवत नाही, त्याच्या हाती तराजू देऊन निघून जायचं, याला काय म्हणायचं? जिथे मोठं यश आलं तिथे खाणाऱ्याला फारसं काही आठवावंच लागलं नाही. आयोडीन घ्या. माणसाला जन्मभरात ते एक चमचाभरही लागत नाही, पण रोजचे दीडशे मायक्रोग्रॅम चुकले तर गळ्याला गाठ येते आणि पोटातल्या बाळाचा मेंदू मागे पडतो. डोंगराळ भागांत पिढ्यान्‌पिढ्या हे भोगल्यावर १९२२ साली स्वित्झर्लंडने ते मिठात घालायला सुरुवात केली. कुणाची सवय बदलावी लागली नाही.

फोलिक अ‍ॅसिडचं तर याहून अवघड आहे. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटायला आईच्या रक्तात पुरेसं फोलेट (फोलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) असावं लागतं. ज्यांच्या आधीच्या बाळात हा दोष होता अशा स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून गोळी दिली, तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली इतकं स्पष्ट दिसलं की तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला काय खा आणि काय नको याची यादी दिली. तिला तेव्हा सातवा आठवडा होता. ती नळी मिटण्याची वेळ तोवर उलटून गेली होती. सुदैवाने तिच्या डॉक्टरने आधीच्याच एका भेटीत तिला गोळ्या सुरू करून दिल्या होत्या. पण अनेक गर्भधारणा ठरवून होत नाहीत, आणि ज्या आठवड्यांत ही गोळी हवी असते त्या आठवड्यांत ती बाई आपली पाळी थोडी पुढे गेली असेल, एवढंच समजत असते. अमेरिकेने १९९८ पासून फोलिक अ‍ॅसिड थेट पिठातच घालणं सक्तीचं केलं ते म्हणून. नंतर आणखी कितीतरी देशांनी केलं. तिथे पाव खाणाऱ्या बाईला त्यातलं काही माहीत असावं लागत नाही.